डावखुरी सिस्टर

मालू सिस्टर डाव्या हाताने लिहीत होत्या. मोतीरामने ते पाहिलं आणि पोरगी रोह्याला जाणार नाही, हे त्याचं तिथल्या तिथं ठरलं.

एक्याण्णव सालचा एप्रिल सरत आला होता. पेणपासून दीड तासाच्या चालीवर, डोंगराला लागून, करंजवाडी ही कातकऱ्यांची वीस-बावीस झोपड्यांची वाडी. मोतीराम पेणला गणपतीच्या कारखान्यात शाडूची पोती वाहायचा. त्याची बायको धोंडी मोळ्या विकायची. एकुलती एक पोरगी पारी आश्रमशाळेत नववी पास झाली होती, आणि विज्ञानात शाळेत पहिली आली होती. म्हणूनच रोह्याहून ही दोन माणसं तिला शोधत आली होती. एक दिनानाथ सर, शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे मास्तर. दुसऱ्या मालू सिस्टर, सरकारी नोकरी सोडलेली चाळिशीची नर्स. दोघांनी मिळून रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावात वर्ग काढला होता. वाड्या-पाड्यांतली नववी झालेली बारा पोरं सुट्टीत सहा आठवडे तिथं ठेवून घ्यायची, त्यांचं इंग्रजी आणि विज्ञान पक्कं करायचं, दवाखाना आतून दाखवायचा, पुढे वर्षभर दर रविवारी बोलवायचं. दहावी झाली की कोणाला नर्सिंगला, कोणाला लॅबच्या कोर्सला, कोणाला कॉलेजात घालायचं. दाखले काढून देणं, फॉर्म भरणं, मुलाखतीची तयारी, सगळं तेच करणार होते.

"इथं वडिलांचा अंगठा हवा," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून शाईची डबी काढली.

"कशाला?" मोतीरामने विचारलं.

"सहा आठवडे मुलगी आमच्याकडे राहणार. तुमची परवानगी नको का?"

"खानं कोन घालनार?"

"आम्हीच."

"फुकट?"

"फुकट."

"मंग तुमाला काय भेटतं त्यातून?"

दिनानाथ सर हसले. "पोरं शिकली की बरं वाटतं, मोतीरामभाऊ. एवढंच."

मोतीराम हसला नाही. "त्या कागदावर काय काय लिवलंय, ते वाचा."

सरांनी वाचलं. नाव, गाव, शाळा, जात. मग, पहिल्या आठवड्यात सर्व मुलांची आरोग्य तपासणी आणि रक्ताची तपासणी.

"रगत काढनार?"

"दोन थेंब," सिस्टर म्हणाल्या. "मुंगी चावल्यासारखं होतं. अंगात रक्त कमी असलं तर गोळ्या देता येतात."

मोतीरामने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक अडकवले. "माजी पोर जानार नाय," तो म्हणाला आणि झोपडीच्या मागच्या बाजूला निघून गेला.

पारी दारातच उभी होती. तिला वाटलं, बाला कळलं नसेल. ती मागे गेली.

"बा, नर्सबाई व्हता येतं त्याच्यातून. आमच्या शाळेतून मी एकटीच हाय."

"नाय म्हनलं ना?"

"पन का नाय?"

त्याचं उत्तर मोतीरामकडे होतं. पण ते तिला देण्यासारखं नव्हतं, धोंडीलाही नाही. पंधरा वर्षं त्याने ते कोणालाच दिलं नव्हतं.

पाहुणे गेले असं त्याला वाटलं, पण ते गेले नव्हते. पुढच्या अंगणात धोंडीने पदराला हात पुसले आणि विचारलं, "आईचा आंगठा चालतो का, बाई?"

"चालतो," मालू सिस्टर म्हणाल्या.

*

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी मोतीराम कारखान्यात गेलेला असताना धोंडीने पारीला पेणच्या एस.टी. स्टँडवर नेऊन दिनानाथ सरांच्या हवाली केलं. संध्याकाळी मोतीराम घरी आला तेव्हा धोंडी भाकरी थापत होती.

"पारी कुठं हाय?"

"रोह्याला. मी आंगठा दिला." तिने वरही पाहिलं नाही. "एकच पोर हाय आपली. ती तरी काय तरी होऊ दे."

एकच पोर, हे शब्द धोंडीच्या तोंडून आले की मोतीराम नेहमीच गप्प बसायचा. पारीनंतर धोंडीला दिवस राहिले नव्हते. वाडीने तिला काय काय ऐकवलं होतं. सासूने तिला दोन भगतांकडे नेलं, कोंबडी कापली, अंगारे झाले. मग सासू म्हणाली, मोतीरामने दुसरी बाईल करावी. मोतीरामने साफ नाही म्हटलं. त्या एका गोष्टीसाठी धोंडी त्याला देवासारखा मानायची. पाणवठ्यावर बायांना सांगायची, "मला काय पन बोला, पन माज्या दादल्याला कोन बोलू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कारखान्यात गेलाच नाही. रोह्याच्या एस.टी.त बसला.

वडखळच्या नाक्यावर गाडी थांबली. मोतीरामने खिडकीतून तोंड आत घेतलं. इथंच, पंधरा वर्षांपूर्वी, आणीबाणीच्या साली, पाऊस सरताना तो मजुरीसाठी उभा होता. पारी तेव्हा दीड वर्षाची होती. एक जीप आली. खाडीकाठच्या खारीच्या बांधावर माती टाकायला माणसं हवीत, असं जीपमधला माणूस म्हणाला, आणि दुपारचं जेवण फुकट. सहा जण चढले. जीप बांधाकडे गेलीच नाही. एका शाळेपुढे थांबली. पडवीत टेबल होतं, टेबलाशी पांढऱ्या साडीतली एक तरणी नर्स नावं लिहीत होती, डाव्या हाताने. तिने त्याचा अंगठा धरून शाईत दाबला, मग कागदावर. घाबरू नका, मुंगी चावल्यासारखं होईल, असं म्हणाली. बाहेर पोलीस उभा होता. आत काय झालं, ते त्याला संध्याकाळी शेजारी निजवलेल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, "आता आपल्याला पोरं नाय व्हायची, गड्या."

घरी येऊन त्याने धोंडीला सांगितलं, बांधावर पाय घसरून पडलो, मांडीत दुखतंय.

गाडी सुटली. समोरच्या बाकावरच्या माणसाकडे बघत मोतीराम स्वतःशीच हिशोब घालत होता. डाव्या हाताने लिहिणाऱ्या बाया जगात एकच नसतील. मुंगी चावल्यासारखं, हे तर सगळ्याच नर्सबाया म्हणतात. तो चेहरा त्याला धड आठवत नव्हता. त्याने वर पाहिलंच नव्हतं तेव्हा. पण एवढ्या गावांतून हे लोक कातकऱ्यांच्याच पोरी का शोधत येतात? जेवणही फुकट, राहणंही फुकट, आणि कागदावर अंगठा. सोळा वर्षांच्या पोरींचं रक्त कशाला लागतं?

*

रोह्याच्या स्टँडवर उतरून तो विचारत विचारत पुलावरून अष्टमीला आला. वर्ग एका किराणा दुकानाच्या माडीवर होता. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्या फळीवर तो बसला. वर पोरांचा आवाज येत होता. सगळी मिळून इंग्रजीत काहीतरी म्हणत होती. मोतीरामला ते ओरडणं ऐकून बरं वाटलं आणि तसं वाटलं याचाच त्याला राग आला.

"वरती काय चालतं?" त्याने सायकलवाल्याला विचारलं.

"शाळा हाय म्हनतात. आदिवाशी पोरांची."

"कवापास्नं?"

"दुसरं वरीस."

"गेल्या वर्षाची पोरं कुठं गेली?"

सायकलवाल्याने खांदे उडवले. "गेली असतील कुठंतरी. आपल्याला काय?"

हे उत्तर मोतीरामच्या डोक्यात शिरलं ते निघेना. अकराच्या सुमाराला दुकानापुढे जीप आली. पांढरी. माडीवरून पोरं खाली उतरली, पारी पण उतरली, दोन वेण्या घातलेली, हातात वही. मालू सिस्टर दार धरून उभ्या होत्या आणि एकेकाला मोजून आत चढवत होत्या.

मोतीराम उठला तोवर जीप पुलाकडे लागली होती. तो मागे धावला. पुलावर त्याला दम लागला, चप्पल तुटली, ती हातात घेऊन तो धावत राहिला. जीप बाजाराच्या कडेने वळताना दिसली, मग दिसेनाशी झाली. विचारत विचारत तो एका दवाखान्यापाशी पोचला तेव्हा जीप बाहेर रिकामी उभी होती.

आत लांब खोलीत पोरं बाकावर ओळीने बसली होती. पहिल्या खुर्चीवर पारी होती, बाही वर केलेली. मालू सिस्टर तिच्यासमोर वाकल्या होत्या.

"इकडे बघू नकोस, खिडकीकडे बघ," त्या म्हणत होत्या. "मुंगी चावल्यासारखं..."

मोतीरामने पारीचा दंड धरून तिला उठवलं. खुर्ची मागे पडली. पोरं उभी राहिली. कोणीतरी हसलं, मग गप्प झालं.

"बा, काय करतोस?"

"चल."

"मोतीरामभाऊ, काय झालं? बसा तरी, पाणी घ्या," मालू सिस्टर म्हणाल्या.

"तुज्या हातचं पानी?" तो म्हणाला. पारीला ओढत त्याने बाहेर नेलं, रस्त्यावरून, बाजारातून, थेट स्टँडपर्यंत. पारी रडत नव्हती. तिची वही तिथंच राहिली होती आणि पायात चपला नव्हत्या. गाडीत ती त्याच्या शेजारी बसली नाही.

*

पारी पाच दिवस त्याच्याशी बोलली नाही. आईबरोबर मोळ्या आणायला गेली, पाणी भरलं, भाकऱ्या केल्या. धोंडीने एकदाच विचारलं, "काय बघितलंस तिथं? वंगाळ काय दिसलं?"

"तुला नाय कळायचं."

"मंग कळेल असं सांग."

तो उठून गेला.

वाडीत मात्र सगळ्यांना कळलं होतं. प्रत्येकाला वेगवेगळं. शेजारचा सोमा म्हणाला, ते लोक पोरींचं रगत काढून मुंबईला विकतात, मोतीरामने डोळ्यांनी पाहिलंय. कोणी म्हणालं, किडनी काढतात. बाजाराच्या दिवशी ही बातमी पेणला गेली आणि तिथून पलीकडच्या वाडीत. त्या वाडीतली जनी पारीच्या शाळेतली, ती पण अष्टमीला होती. तिचा बाप केरू जाऊन तिला घेऊन आला. कासूच्या बाजूच्या एका पोरालाही नेलं म्हणे. वाटेत भेटलेले लोक मोतीरामच्या पाठीवर थाप मारायचे. "बरं केलंस, वेळेवर गेलास." मोतीराम मान हलवायचा. रक्त विकतात असं तो कधीच म्हणाला नव्हता. पण तसं नाही, असंही म्हणाला नाही. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न यायचाच, मग तू पोरीला का आणलंस?

सहाव्या दिवशी दुपारी मालू सिस्टर एकट्याच चालत आल्या. ऊन टळटळीत होतं. त्यांच्या हातात पारीची वही आणि चपला होत्या. धोंडीने घोंगडी टाकली. सिस्टर बसल्या. पारी आतून येऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

"माझ्याकडून काय चुकलं ते विचारायला आले," त्या म्हणाल्या. "तीन मुलं गेली. अजून जातील. मला कारण तरी कळू दे."

"तुमी दोगी बाहेर जा," मोतीराम बायकोला आणि पोरीला म्हणाला.

"मी नाय जानार," धोंडी म्हणाली. "माज्या आंगठ्यावर गेली व्हती पोर. मला पन ऐकायचंय."

मोतीरामने सिस्टरांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "शहात्तर साली कुठं व्हतीस तू?"

चेहऱ्यावरचा घाम पुसायला गेलेला मालू सिस्टरांचा हात अर्ध्यावर थांबला.

"इथंच," त्या म्हणाल्या. "या तालुक्यात. नवीन लागले होते."

"शाळेच्या पडवीत, टेबलावर नावं लिवीत व्हतीस? वडखळच्या नाक्यावरनं जीपमधनं मानसं आनली व्हती."

"बऱ्याच जीपा आल्या," सिस्टर हळू म्हणाल्या. "हो. लिहायला मीच होते."

"माजा आंगठा तू धरलास."

"धरला असेन. तुमचा चेहरा मला आठवत नाही, मोतीरामभाऊ. खोटं कशाला सांगू? त्या दिवसांत मी कोणाच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. वरून आकडा यायचा, तो पुरा झाला नाही तर नोकरी जाईल म्हणायचे. मी मान खाली घालून लिहायचे."

"काय लिवायचं?" धोंडीने मध्येच विचारलं. तिने सिस्टरकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "कसला आंगठा? तू बांधावर पडला व्हतास ना तवा?"

उत्तर पारीने दिलं. आश्रमशाळेच्या बाईंनी मुलींना जे शिकवलं होतं, त्यातून तिला अर्धं आधीच कळलं होतं.

"आये, बाचं ऑपरेशन केलं तवा. पोरं होऊ नयेत म्हणून."

धोंडी नवऱ्याकडे बघत राहिली. तो वर बघेना.

"म्हंजे माज्यात काय खोट नव्हती," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारात भाव विचारल्यासारखा. "तुजी आय मला एका पोरावर वांझोटी झाली म्हनायची. भगताने माज्या पाठीवर निखारे ठेवले. तू तिथं बसला व्हतास, मोतीराम. तू बघत व्हतास."

तिने आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं होतं.

"लाज वाटत व्हती," तो म्हणाला.

"आनि दुसरी बाईल केली नाय म्हणून मी तुजे पाय धरायची!"

धोंडी उठून बाहेर निघून गेली. मोतीराम मालू सिस्टरकडे वळला. आता त्याचा सगळा राग एकाच माणसावर येऊ शकत होता आणि ते माणूस समोरच बसलेलं होतं.

"आनि आता माजीच पोर का पायजे तुला? माजं घर कुठनं सापडलं?"

"घर नाही सापडलं. वाड्यांची नावं लक्षात राहिली होती. ज्या वाड्या मी तेव्हा लिहिल्या, त्या वाड्यांतल्या शाळांत आधी जायचं, असं मी ठरवलं. करंजवाडी मी लिहिली होती. पारी तुमची मुलगी आहे, हे मला ठाऊक नव्हतं."

"म्हंजे माज्या पोरीच्या जिवावर तू तुजं पाप फेडतेस."

"असेल," मालू सिस्टर म्हणाल्या. "मी दुसरं काय करू, ते मला कळलं नाही."

"मला तुमचं पाप नको," पारी म्हणाली. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीपासून पुढे आली होती. "ते तुमचं तुमी बघा. मला इंग्रजी पायजे आनि विज्ञान पायजे. वर्गात तुमी चांगलं शिकवता. पन आता माजं रगत तुमी नाय काढायचं. दुसऱ्या कोणी काढलं तर चालेल. आनि आधी कागद माज्या हातात द्यायचा. मी वाचणार, बाला आनि आयेला सांगणार, मग काय ते."

सिस्टरनी मान हलवली. त्यांनी वही आणि चपला दारापाशी ठेवल्या आणि उन्हात निघून गेल्या. मोतीरामने त्यांना पाणी विचारलं नाही. पारीने तांब्या घेऊन त्यांना पायवाटेवर गाठलं.

*

धोंडी त्या दिवशी उशिरा परतली आणि तशीच निजली. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पारीचे कपडे गाठोड्यात बांधले.

"पोर जानार," ती म्हणाली. "तू पंधरा वरसं गप बसलास. आता मी सांगते ते ऐकायचं. जनीच्या बापाकडे जा. तू पोरीला का आनलंस, ते खरं खरं सांग त्याला. रगत विकतात म्हणून त्यानं पोर घरात बसवलीय, तुज्यामुळं."

"धोंडे, ते मला नाय सांगता यायचं."

"मला सांगितलं सगळ्यांनी, मी वांझोटी हाय म्हणून. मी मेली का?"

मोतीराम दुपारपर्यंत करवंदीच्या सावलीत बसून होता. मग उठला. पलीकडच्या वाडीची वाट तासाभराची, त्याला दोन तास लागले. केरू अंगणात जाळं विणत बसला होता आणि त्याच्याबरोबर अजून तिघं होते. मोतीरामला वाटलं, केरूला बाजूला घ्यावं. पण बाजूला घेतलं की उद्या पुन्हा काहीतरी वेगळंच पसरेल, एवढं त्याला या आठ दिवसांत कळलं होतं.

तो तिथंच बसला आणि सांगितलं. जीप, पडवी, अंगठा, सगळं. सांगताना तो समोरच्या चुलीकडे बघत होता. त्या चौघांतला एक खुदकन हसला. केरूने त्याला शिवी हासडली आणि गप्प केलं.

"मंग त्या बाईवर तुजा भरवसा हाय का?" केरूने विचारलं.

"नाय," मोतीराम म्हणाला.

"तरी पोर धाडतोस?"

"पोरीवर हाय. ती कागद वाचते. तुजी पन वाचते."

केरू जाळ्याच्या गाठी मारत राहिला. जनीला पाठवतो की नाही, ते त्याने त्या दिवशी सांगितलं नाही. पण पुढच्या सोमवारी पेणच्या स्टँडवर पारीच्या शेजारी जनी उभी होती. कासूकडचं ते पोर मात्र पुन्हा आलं नाही. दिनानाथ सर दोनदा त्याच्या घरी गेले, दोन्ही वेळा घर बंद होतं. पुढे ते वीटभट्टीवर गेल्याचं कळलं.

पुढचं वर्षभर मोतीराम दर रविवारी पोरींबरोबर एस.टी.ने अष्टमीला जायचा. कारखान्यातला रविवारचा दिवस बुडायचा, मालक कटकट करायचा. तो सायकलच्या दुकानापुढे बसून राहायचा. माडीवर कोण चढतं, कोण उतरतं, जीप कुठे जाते, किती वाजता परत येते, सगळं त्याला पाठ झालं. गेल्या वर्षीची पोरं कुठे गेली, हे त्याने स्वतः शोधून काढलं. दोघी अलिबागला नर्सिंगला होत्या, एक पोरगा धाटावच्या कंपनीत लागला होता, बाकीची कॉलेजात होती, एकीचं लग्न झालं होतं. लग्न झालेलीलाही तो भेटून आला. मालू सिस्टर दर खेपेला दिसायच्या. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलायचे. एकदा त्या जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "वर येऊन बसा ना, ऊन आहे." तो म्हणाला, "इथनं बरं दिसतं."

घरी धोंडी त्याच्याशी बोलू लागली, पण पाणवठ्यावर त्याची बाजू घेणं तिने सोडलं. कोणी विचारलं तर सरळ सांगायची, दोष माझा नव्हता. वाडीतल्या म्हाताऱ्या बाया तेव्हा मान फिरवायच्या.

दहावीला पारीला अठ्ठावन्न टक्के मिळाले. जनी इंग्रजीत राहिली आणि ऑक्टोबरला पुन्हा बसणार होती. जुलैत अलिबागला नर्सिंगच्या प्रशिक्षणाची मुलाखत होती. मोतीराम बरोबर गेला. बाहेरच्या बाकावर तो तासभर बसला, आत जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक कागदाकडे बघत. पारी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

"काय विचारलं?"

"हृदयाचे कप्पे विचारले. जुलाबाच्या पोराला काय द्यायचं ते विचारलं. मग विचारलं, घरात कोनाचा विरोध व्हता का?"

"मंग?"

"सांगितलं, बाचा व्हता."

मोतीराम थांबला. दोघं स्टँडच्या वाटेवर होते, पावसाची भुरभुर चालू होती.

"आनि का व्हता, ते?"

"ते पन सांगितलं. मी नर्स झाल्यावर कोनाचा आंगठा असा घेनार नाय, असं म्हनलं. तिघं बसले व्हते. दोन बाया आनि एक सायब. बाया ऐकत व्हत्या. सायबानं मान खाली घातली ती वर केलीच नाय."

मोतीराम पुन्हा चालू लागला. मग त्याने विचारलं, "तो सायब किती वयाचा व्हता?"

"असेल पन्नाशीचा. का?"

"कुठला हाय? नाव काय त्याचं?"

"बा, मला काय म्हायती?"

"म्हायती काढायची," मोतीराम म्हणाला. "तिथं दीड वरीस राहायचंय तुला."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पारीने ते दोनदा वाचलं, एकदा स्वतःशी, एकदा मोठ्याने, शेवटच्या सहीपर्यंत. धोंडीने विचारलं, घेतलं का? पारी म्हणाली, घेतलं. मोतीरामने पत्र तिच्या हातातून घेतलं, उलटं करून मागची बाजू पाहिली, उजेडाकडे धरलं, आणि मग तिला परत दिलं.